बधिर डोळ्याचे दिवस

जिंतूरहून पुण्याची एसटी सुटताना आई रडली नाही, भांडली. घरातला मोठा स्टीलचा डबा मी नेऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. "तिकडं डब्याला काय तोटा हाय का?" गाडी हलली तसा तोच डबा तिनं खिडकीतून आत ढकलला, दशम्यांनी भरलेला. गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखंच इकडे येऊन पडलेल्यांनो, तेव्हा वाटलं होतं, थोडी वर्षं काढू आणि परत येऊ.

भोसरीत एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला लागलो. वेल्डरच्या डोळ्यांना आर्क लागतो, म्हणजे वेल्डिंगचा तो लख्ख उजेड. त्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं गेलं की संध्याकाळी पापणीखाली वाळू भरल्यासारखं टोचतं. जुने कारागीर बटाट्याच्या चकत्या ठेवून गपचूप पडायचे. आम्हाला कुठली तेवढी सवड? आमच्या खोलीत डोळा बधिर करणाऱ्या थेंबांची बाटली असायची, सगळ्यांना मिळून एक. माझा खोलीतला सोबती दिनेश कणकवलीचा. तो म्हणायचा, "घाल मेल्या, थंड वाटात." आणि वाटायचंच. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असा आमचा सगळ्यांचा हिशेब.

मग माझा उजवा डोळा कोरडा पडला. समोरचं पुसट झालं, आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी लेझरच्या मायक्रोस्कोपसमोर बसवलं. बुबुळावरचा काचेसारखा पडदा जिवंतपणीच, न कापता, थराथरानं दाखवणारं यंत्र. त्याचं टोक डोळ्याला टेकवायचं म्हणून त्यांनी आधी थेंब घातला, आमच्या बाटलीत असायचा तोच. मी दचकून आमच्या बाटलीचं सांगितलं. "हा फक्त तपासणीपुरता," त्या म्हणाल्या. "रोज घातलात, म्हणून जखम भरत नाहीये."

डाव्या डोळ्याच्या चित्रात बारीक पांढऱ्या तारा पसरल्या होत्या. त्या नसा. उजव्यात नुसतं करडं रान. नसा नसतील तर लागलेलं कळत नाही आणि वेळेवर पाणीही सुटत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. रडू आलं, तेही एकाच डोळ्यातून.

वडिलांना फोनवर सांगितलं. "निघून ये. एका डोळ्यानं शेती व्हईल, वेल्डिंग न्हाई व्हत," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. बॅग भरून ठेवली. पण उपचार संपेपर्यंत थांबायचं ठरवलं. मालकांनी तेवढे महिने स्टोअरमध्ये बसवलं. दिनेशनं बाटली कचऱ्यात टाकली आणि माझ्या औषधांच्या वेळा स्वतःच्या मोबाइलमध्ये लावल्या.

परवा पुन्हा त्या यंत्रासमोर बसलो. करड्या रानात वाकड्यातिकड्या पांढऱ्या रेघा फुटल्या होत्या, पावट्याच्या कोवळ्या वेलासारख्या. मॅडम हसल्या. "येतायत परत. अजून वेळ लागेल, पण तुम्ही वेल्डिंग कराल. काळी काच लावूनच."

बाहेर वडापावच्या गाडीवर मिरच्या तळत होत्या. थेंबाचा असर उतरला होता. धूर आला आणि उजवा डोळा झोंबला, पाणी आलं. मी तिथंच उभा राहून ते वाहू दिलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आईला फोन लावला. सगळं तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता कुठं निघालास?"

"घरी," मी म्हणालो. भोसरीच्या खोलीला मी आजवर कधीच घर म्हटलं नव्हतं. ते तिच्याही ध्यानात आलं असणार. ती म्हणाली, "बरं. मग घरी जाऊन आधी जेव."