दोघांच्या नावाचं डोमेन

तापलेल्या ऑइलचा वास आला की मला साकीनाक्याचं ऑफिस आठवतं. खाली लेथ मशीन घरघरायची, वरच्या खोलीत मी आणि माझ्यासोबत काम करणारी ती, आम्ही दोघं कोड लिहायचो. ग्राहकाने वेबसाइटचं नाव टाकलं की आमच्या सर्व्हरने नोंदणी कंपनीच्या सर्व्हरला विचारायचं आणि नाव मोकळं असेल तर नोंदवून टाकायचं. टेस्टिंगला आम्ही वाट्टेल ती नावं टाकायचो. एका दुपारी तिने आमची दोघांची नावं जोडून टाकली. त्याच सकाळी मी खोटी नोंदणी करणारं टेस्ट अकाउंट बदलून खरं, पैसे कापणारं अकाउंट जोडलं होतं आणि तिला सांगायचं विसरलो होतो. उत्तर आलं, नाव नोंदवलं. "अगं, वाट लागली! हे खरंच घेतलं गेलं!" मी ओरडलो. ती स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाली, "मग राहू दे ना रे." आणि मी गाढव म्हणालो, "साहेबांना काय सांगू?" पुढे ती नोकरी सोडून गेली. त्या नावावर आजही एकही पान नाही. तरी दरवर्षी मी त्याची मुदत वाढवतो आणि जुन्या कोडमधून एकदा विचारून बघतो, हे नाव मिळेल का? उत्तर येतं, नाही, ते आधीच कोणीतरी घेतलंय.