टेबलाखालच्या विटा

आमचं कॉलेज टेकडीच्या उतारावर. प्रयोगशाळेचे शिपाईमामा दरवर्षी त्याच टेकडीची माती ट्रेमध्ये थापायचे आणि पाणी ओतून पोरांना दरड कोसळताना दाखवायचे. टेबल दरीकडे कलायचं, म्हणून पायांखाली आधी पुठ्ठा, मग फळी सरकवायचे. त्या वर्षी महिन्याभरात दोन विटा लागल्या.

"सुतार होता की गवंडी मेला!" मामा करवादायचे. मीही हसायचो. मी, भूशास्त्राचा प्राध्यापक!

मग नवं टेबल आलं. मामांनी त्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा उंच बाजूला, टेकडीकडे पळाला. त्यांनी ती उचलून फरशीवर ठेवली. बुडबुडा पुन्हा तिकडेच पळाला.

मामा कधी नव्हे ते हळू बोलले, "पोरांनो, बॅगा राहू द्या. आधी बाहेर पडा."