लामू बंदर, आक्काच्या कुंकवापायी

कुणी लामूला जायचं म्हणालं तर मी आधी विचारीन, घरी काही कामधंदा नाही का? मला मात्र जाणं भागच होतं. आमचे भावोजी, आक्काचे यजमान, सुरतेला कारकुनीला म्हणून गेले ते परतलेच नाहीत. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मग आक्काचं कुंकू जाणार, केसही जाणार. मुदत येत्या आषाढात भरत होती. अशात एक गुजराती व्यापारी म्हणाला, "आफ्रिकेच्या काठाला लामू आहे. तिथे एक पुणेकर हिशेब लिहितो."

निघायचं ते मार्गशीर्षात. बोरघाट उतरून पनवेल, पुढे गलबत. वारा साथ देतो, पोट देत नाही. सातूचं पीठ भरपूर घ्या, माझं अर्ध्या वाटेतच संपलं.

लामू एवढंसं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं की भिंतीला आपणच चिकटायचं. घरं समुद्रातल्या पांढऱ्या दगडाची, दारांवरचं कोरीवकाम मात्र दमलेल्या माणसानेही थांबून बघावं असं. पाहुण्याला दारातल्या दगडी ओट्यावरच बसवतात. म्हटलं, चला, पुण्यातच आलो! जेवणात मासे आणि नारळ. मासे वगळून उरतं ते मी महिनोन्महिने खाल्लं, कारण परतीचा वारा वैशाखाशिवाय सुटत नाही. हे निघण्यापूर्वी कुणी सांगत नाही.

भावोजी पेढीवर सापडले. तिथलीच बायको, पोरंबाळं.

"जाळून टाका रे पुतळा," ते शांतपणे म्हणाले. "मी एकदाचा सुटेन."

"तुम्ही सुटाल हो! आक्काचं काय?" माझ्या अंगाची नुसती लाही झाली. त्यांनी हिशेबाची वही पुढे ओढली.

पुण्यात पोचलो तेव्हा आषाढ लागला होता. अंगणात पळसाची पानं येऊन पडलेली. मी दारातूनच ओरडलो, "भावोजी जिवंत आहेत! या डोळ्यांनी पाहिलंय!"

विधीसाठी आलेले शास्त्रीबुवा म्हणाले, "आपण समुद्र ओलांडलात. प्रायश्चित्त होईपर्यंत आपली साक्ष धरायची कशी?"

"मग न ओलांडता बघून कसं यायचं, तेही सांगा की!"

आक्का आतून बाहेर आली. "एकटेच आहेत?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. तिच्याकडे बघवेना.

ती शास्त्रीबुवांकडे वळली.

"जाळायचा तर जाळा पुतळा. दुसऱ्या बाईच्या नवऱ्यासाठी मी केस द्यायची नाही."