स्पूल भरायच्या आत

भरलेली वस्तू पाहून धास्तावणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या ताईच्या पदरी पडला. ज्या गावात नळाला पाणी आलं की लोक नातेवाइकांना फोन करून कळवतात, तिथं आमचे दाजी टाकी काठोकाठ भरली की अस्वस्थ होऊन जिन्यात येरझाऱ्या घालतात. डबा, फ्रीज, कपाट, पोट, यांतलं काहीही गच्च भरलेलं त्यांना सोसत नाही. जेवताना एक पोळी कमी खातात आणि वर ताईला ऐकवतात, "जागा राहू दे थोडी. अचानक कोणी आग्रह केला तर?" मात्र एखादी वस्तू टाकून द्यायची म्हटलं की हाच माणूस वकिलासारखा उभा राहतो. "हे कोणाचं हाय? त्याला विचारलं का?" एकदा ताईनं माळा आवरताना मोडकी छत्री बाहेर काढली, तर ती कोणाची हे विचारत दाजी गल्लीभर दारोदार हिंडले. निघाली त्यांचीच.

हे वेड त्यांच्या नोकरीतून आलेलं. दाजी लातुरात घरी बसून लॅपटॉपवरून एका विमा कंपनीचा मेनफ्रेम, म्हणजे खोलीभर जागा व्यापणारा जुन्या पद्धतीचा संगणक, सांभाळायचे. त्या यंत्रावर दिवसभर असंख्य कामं चालत. प्रत्येक काम जे काही लिहून काढी, ते छापायला किंवा पाठवायला जाईपर्यंत डिस्कवरच्या एका राखीव जागेत पडून राही. त्या जागेला म्हणतात स्पूल. स्पूल भरला की सगळी कंपनी जागच्या जागी थांबते, नव्यानं आत शिरायलासुद्धा वाव राहत नाही. दाजींनी हे मला इतक्या वेळा समजावलं होतं, की ते बोलायला लागले की मी मनातल्या मनात भाजीचा विचार करायची.

माझ्या साखरपुड्याच्या दिवशी मात्र ऐकावं लागलं. कार्यक्रम दुपारी नांदेडला, मुलाकडं. माझं लग्न याआधी दोनदा जुळता जुळता फिसकटलेलं, त्यामुळं ताईनं पहाटेपासून सगळ्यांना धारेवर धरलं होतं. गाडी दाजी चालवत होते. चाकूर मागं पडलं आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, एका फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलापाशी गाडी वळवली आणि लॅपटॉप घेऊन बाकड्यावर जाऊन बसले.

"अहो, हे काय?" ताई ओरडली.

"स्पूल नव्वद टक्क्यांच्या वर गेलाय. एक काम बिघडलंय. एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहून राहिलंय."

लॅपटॉपला नेट दाजींच्या फोनवरून मिळत होतं आणि फोनला रेंज फक्त उंचावर. म्हणून मी, नवरी मुलगी, जरीची साडी सावरत हॉटेलवाल्याच्या बाजेवर चढले आणि फोन डोक्यावर धरून उभी राहिले. दोन ट्रॅक्टरवाले चहा विसरून बघत होते.

पुण्याहून एक नवीन सहकारी लिहून विचारत होता, "सर, बिघडलेल्या कामाच्या नावाची सगळी कामं पुसून टाकू?" एका ओळीचं काम होतं. पण दवाखान्यांना मंजुरीची पत्रं पाठवणारी कामं नेमकी त्याच नावाची होती. पुसली तर बिघडलेल्या कामासोबत तीही गेली असती.

"टाका ना पुसून!" ताई रडकुंडीला आली. "पोरीचं लग्न मोडायचंय का तुम्हाला?"

दाजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "उद्या कोणाच्या तरी मायचं ऑपरेशन असंल गं. पत्र गेलं न्हाई तर तिला टेबलावर घेतील का?" ते एकेक काम उघडून आत बघत राहिले. ब्याण्णव. चौऱ्याण्णव.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. मुलाचे मामा!

"उचलू नको!" दाजी किंचाळले. "नेट तुटलं तर मला पुन्हा आत घेणार न्हाई ते!"

मी होणाऱ्या मामेसासऱ्यांचा फोन कापला. त्यांनी पुन्हा लावला, मी पुन्हा कापला. ताईनं डोळे मिटून घेतले. स्पूल सत्त्याण्णववर असताना दाजी पुटपुटले, "सापडलं." त्यांनी ते एकच काम थांबवलं, त्यानं लिहिलेला सगळा कचरा पुसला आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत बसले. आकडा हलेना. मग एकदम धाडकन खाली आला. दाजींनी हॉटेलवाल्याला मिठी मारली. त्याला का, ते त्यालाही कळलं नाही.

नांदेडला पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. मामा दारातच उभे.

"माझा फोन कोणी कापला?"

"मी," मी म्हणाले.

"चुकी माझी हाय," दाजी हात जोडून पुढं झाले आणि जे घडलं ते सांगू लागले. मामा कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मग ती पत्रं गेली का?"

"गेली."

"मग बसा की. उपाशी का उभे राहिलात?"

मुलगा मात्र दाजींना सोडेना. स्पूल म्हणजे काय, भरतो कसा, दुसरं काही करता आलं असतं का. दाजींचं इतकं मन लावून कोणी ऐकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि अंगठी घालायच्या आधीच माझं मत पक्कं झालं.

आता त्या कंपनीनं नवी व्यवस्था आणली. जुनं यंत्र बंद झालं, दाजींचं काम सुटलं. मधूनमधून नांदेडला येतात आणि माझ्या नवऱ्याबरोबर गॅलरीत चहा घेतात. विषय तोच. "स्पूल ऐंशीला गेला की आपण सावध व्हायचं अस्तंय," असं म्हणता म्हणता मध्येच थांबतात, कप खाली ठेवतात आणि हळूच दुरुस्ती करतात, "व्हायचं असायचं." नवरा सरसावून बसतो आणि विचारतो, "बरं दाजी, समजा ऐंशीला गेलाय. आता पहिलं काय करायचं?"

आणि दाजी सांगायला लागतात.