बाय, पिन बघ

आमचा प्लासिड म्हणजे कामाला वाघ आणि बोलायला दगड. निर्मळच्या रस्त्याला, आमच्या केळीच्या वाडीला लागून त्याचं गॅरेज आहे. मी क्लेमेंटीन, त्याची थोरली बहीण, त्याची बाय, शाळेतून रिटायर झालेली. तोंडाने फटकळ, हे अख्खा गाव सांगेल. त्या तोंडापायी मी काय करून बसले, तेच सांगते.

चार वर्षांपूर्वी प्लासिडने स्वतःच्या पोराच्या, जॅक्सनच्या मोटारसायकलला नवं मागचं चाक बसवलं. दुसऱ्याच दिवशी जॅक्सन मित्रांबरोबर चिंचोटीला गेला आणि भर पावसात गाडीवरून पडून जागीच गेला. त्याची आई, एस्थर, आधीच गेलेली. मागून येणारा मित्र म्हणाला, मागचं चाक डगमगल्यासारखं वाटलं. झालं! मातीच्या दिवशी, पेटी अजून घरात असताना, मी सगळ्यांसमोर विचारलं, "प्लासिड, पिन घातली होतीस ना रे?"

चाकाचा नट सुटू नये म्हणून त्यात दोन पायांची लोखंडी पिन आरपार घालतात. ती राहिली तर नट सुटतो, आणि पुढचं देवाच्या हातात. त्या दिवशी काम चालू असताना फोन आला होता. फोननंतर पिन घातली की नाही, हे प्लासिडला काही केल्या आठवेना. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. पोलिसांनी गाडी बघायला बोलावलं, तर गेला नाही. गाडी कुठल्या भंगारात गेली, कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून मागचं चाक बसवलं की हा तीनदा तपासायचा, आणि मग वाडीकडे तोंड करून हाक मारायचा, "बाय, पिन बघ." हातातली मासळी तशीच टाकून मी जायचे. "आहे," म्हणायचे. तेव्हा कुठे गिऱ्हाइकाला चावी मिळायची. प्रत्येक हाकेला वाटायचं, ही जीभ छाटून टाकावी.

गेल्या दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सिमेटरीत मेणबत्त्या लावून परत आलो, तर फुलवाला हरेश्वर दारात उभा. खड्ड्यात त्याच्या मोटारसायकलचं मागचं चाक वाकलं होतं. कामणच्या भंगारवाल्याकडून त्याने पोत्यात घालून जुनं चाक आणलेलं. आस गंजून बसला होता, म्हणून चाकाला धरणारा लोखंडी चिमटाच गॅसने कापून चाकासकट दिलेला. "काका, दुपारी फुलं पोचवायचीत," म्हणाला आणि गेला.

प्लासिडने चिमट्याचा तुकडा शिकंज्यात आवळला. हाताने चाक फिरवून बघितलं, हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी ढिम्म. "गेलंय हे," म्हणत तो मागे रॉकेल आणायला गेला. मी स्टुलावर चहाचा कप घेऊन बसले होते. वाडीत केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

आणि ते चाक फिरलं.

सावकाश. एकेक आरा माझ्यासमोरून वर गेला, खाली गेला. कप कधी फुटला, मला कळलं नाही. कोरड्याठाक पोत्यातून काढलेल्या त्या चाकातून पाणी ठिबकत होतं, लालसर, पावसाळ्यात डोंगरातून येतं तसलं. दोन फेरे झाले आणि चाक थांबलं.

प्लासिड मागच्या दारात उभा होता. त्याने बघितलं होतं.

"हात लावलास, बाय?"

"देवाशपथ नाही रे!"

तो जवळ आला. हात लावला, तर चाक पहिल्यासारखंच घट्ट. मधल्या तुंब्याच्या वर आलेल्या भागावरून त्याने ओलं फडकं फिरवलं. चिखल सुटला आणि खिळ्याने ओरखडलेली अक्षरं दिसली. एस्थर.

नव्याकोऱ्या चाकावर आईचं नाव कोरलं म्हणून मीच त्या पोराला शिव्या घातल्या होत्या.

आता नट बघायचा होता. त्यावर मातीचा हा गोळा बसलेला. खाली पिन नसली, तर माझा भाऊ आज जगायचा नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. "नको बघू, राहू दे," मी म्हणाले. त्याने ऐकलं नाही. पाना उलटा धरून तो माती खरवडायला लागला. मी डोळे मिटून नमो मरिया म्हणायला लागले, आणि मला पुढचे शब्दच आठवेनात.

खरवडण्याचा आवाज थांबला.

"बाय, बघ."

पिन होती. गंजलेली, पण जागच्या जागी. एक पाय सरळ वर, दुसरा गोगलगायीसारखा गुंडाळलेला. तशी पिन वळवायची सवय आमच्या प्लासिडचीच, आणखी कोणाची नाही.

"घातली होती," तो म्हणाला.

चार वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर त्याने आज दिलं. मी त्याचे ऑइलचे हात धरून भोकाड पसरलं. "मी विचारलंच कशाला रे, मेली मी!" तो माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिला, जशी मीच धाकटी.

ते चाक त्याने पुसून घरात नेलं. मग स्वतःच्या गाडीचं मागचं चाक काढून हरेश्वरच्या गाडीला बसवलं, माप एकच होतं. मी वाडीत, हात पदराला पुसून, हाकेची वाट बघत उभी होते. प्लासिडने नट आवळला, पिन घातली, वळवली, एकदाच बघितली आणि हरेश्वरच्या हातात चावी दिली.

मला हाक मारली नाही.