तांडेलकाका आणि वाटून दिलेली वीज

सकाळी कामावर आले की तांडेलकाका चहाच्याही आधी संगणकासमोर बसत आणि म्हणत, "बगू, आज कोन किती जेवला." हे जेवण विजेचं. आमच्या कारखान्यात छताला लावलेल्या वायफायच्या डब्यांना वेगळी वीजजोडणी नव्हती. जी तार त्यांना इंटरनेट देई, तीच वीजही देई. ती सगळी एका जुन्या स्विचमधून, म्हणजे सगळ्या तारा जोडलेल्या पेटीतून जाई, आणि त्याच्याकडे देण्यासारखे वॅट मोजकेच होते.

मी सोलापूरहून बोईसरला, या नेटवर्कच्याच कामावर, नवीन आले होते. काका इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीमचे, साठीला टेकलेले, कंत्राटावर. टेलिफोनच्या तारा ओढण्यात त्यांची उमर गेली होती. व्यवस्थापनाने नवे, जास्त वीज खाणारे डबे घेतले, स्विच मात्र तोच ठेवला. सगळे डबे पूर्ण जोराने चालले की स्विच शेवटच्या डब्याची वीज तोडी. हा शेवटचा डबा रसायनांच्या टाक्यांच्या आवारात होता. तिथे मोबाइल न्यायला बंदी. कामगारांचे खास फोन त्या वायफायवरच चालत. म्हणून काकांनी प्रत्येक डब्याला विजेचं लिमिट घालून दिलं. नेट सगळीकडे मंद झालं, रोज कोणी ना कोणी ओरडायचं. काका म्हणायचे, "पोट भरनार नाय कोनाचं, पन उपाशी बी कोनी नाय." नव्या स्विचसाठी त्यांनी तीनदा लिहून दिलं होतं. "पुढच्या वर्षी बघू," हे उत्तरही तीनदा आलं होतं.

एकदा बाहेरचे पाहुणे आले असताना मॅनेजरसाहेब माझ्या टेबलाशी आले. "हॉलमधला व्हिडिओ अडकतोय. तिथलं लिमिट काढा."

"सर, टाक्यांकडचं बंद पडेल."

"तासाभरात काय होतंय?"

मी लिमिट काढलं. पडद्यावर टाक्यांचा डबा विझलेला दिसला. तासाचाच प्रश्न आहे, असं मीही स्वतःला सांगितलं.

त्याच तासात आवारातल्या एका पाइपाचा सांधा गळू लागला. वाफ नाकात जाऊन एक कामगार खाली बसला. त्याच्या सोबत्याने फोन लावला, लागला नाही. काका जवळच तार तपासत होते. त्या वयात ते भर उन्हात फाटकापर्यंत धावले आणि माणसं घेऊन आले. कामगार वाचला, दोन दिवसांनी घरी गेला. मी पोचले तेव्हा काका फाटकाजवळच्या बाकावर बसले होते, शर्ट पाठीला चिकटलेला. "फोन लागत नव्हता, बाय," एवढंच म्हणाले.

चौकशीत विचारलं गेलं, "लिमिट कोणी काढलं?" मॅनेजरसाहेब टेबलाकडे बघत राहिले. माझं तोंड उघडलं नाही. काका उठले. "स्विच माज्या ताब्यात हाय. चूक माजी."

त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. जिन्यात मी विचारलं, "असं का केलंत, काका?"

"तुला नोकरी पायजे. आनि मी दमलो, बाय. तीनदा लिवून दिलं. आता चौथ्यांदा लिवायला हात उचलत नाय."

काही आठवड्यांनी मी माहीमला त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर नारळ सोलत होते. "काका, त्या दिवशी मी..." मी सुरुवात केली.

त्यांनी कोयता बाजूला ठेवला. "तू तेवा गप रेलीस, ते मी खपवून घेतलं. पुढल्या टायमाला मी नसनार."

मग त्यांनी मला शहाळं फोडून दिलं आणि आईची तब्येत विचारली.

सोमवारी मी व्यवस्थापनाला अर्ज दिला. लिमिट मी काढलं, कोणाच्या सांगण्यावरून काढलं आणि नवा स्विच का हवा, हे सगळं लिहून खाली सही केली. उत्तर अजून आलेलं नाही. हॉलमधला व्हिडिओ अजून अडकतो. साहेब येऊन उभे राहतात, मी नाही म्हणते, ते जातात. लिमिट तसंच आहे.