बाहेर गेलेली गोष्ट

आंधळगावात मी बायकांचा एक गट चालवायचे. झोप न लागणाऱ्या, सारखं रडू येणाऱ्या, घरात बोलणंच थांबलेल्या बायका दर बुधवारी दुपारी समाजमंदिरात जमायच्या. मी समुपदेशक म्हणून भंडाऱ्याहून स्कुटीनं जायचे. इथलं बोलणं इथंच ठेवायचं, हा आमचा नियम.

गटात विणकराच्या घरातली एक तरुण सून होती. नवरा आणि सासरा मागावर बसत, ती सासूबरोबर सुताच्या कांड्या भरून द्यायची. बरेच दिवस ती नुसती ऐकत राहिली. मग एका बुधवारी तिनं सांगितलं, की तिचं बाळ पोटातच गेलं, घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि बाळासाठी शिवलेली दुपटी सासूनं तिला न विचारताच देऊन टाकली.

पुढच्या बुधवारी पोचले, तर तिची सासू पायरीवर उभी होती. आवाज न चढवता तिनं विचारलं, "माह्या घरच्या दुपट्यांची गोष्ट गावात काहून होऊन राहिली, मॅडम?"

काहीबाही बोलून मी तिला परत पाठवलं. आत गेले, तर सून आलेली नव्हती. गोष्ट बाहेर गेली होती, आणि नेणारी याच सतरंजीवर बसलेली असणार.

माझी नजर गटात नुकत्याच आलेल्या एका नव्या बाईवर गेली. ती त्या विणकराच्या घराशेजारीच राहायची. गटात आल्यापासून बोललेली नव्हती. दाराजवळ बसायची, मोबाइल मांडीवर पालथा. तो चालू असेल का? सगळं रेकॉर्ड होत असेल का? बाजारात ती त्या सासूशी हसून बोलताना मला दिसली होती, तेही आता आठवलं. मी सगळ्यांना मोबाइल खिडकीत ठेवायला सांगितले. सगळ्यांनी ठेवले. तिनं नाही ठेवला.

त्या दुपारी बायका गुडघेदुखी आणि धानाच्या रोवणीपलीकडे काही बोलल्या नाहीत. नव्या बाईच्या शेजारची जागा रिकामी राहिली. निघताना गट जमवणाऱ्या आशाताईंनी मला बाजूला घेऊन तिला काढून टाकायला सुचवलं. मी नको म्हणाले नाही. पुढच्या खेपेला बघू म्हणाले.

पुढच्या खेपेला सून आली आणि नेमकी त्या रिकाम्या जागेवर बसली. मी पुन्हा नियम सांगितला. तेव्हा नवी बाई पहिल्यांदा बोलली.

"मॅडम, नियम सगळ्याइले सांगता, पण पाहून राहिल्या माह्याकडंच."

तेवढ्यात सून म्हणाली, "सासूले मीच सांगतलं."

मग तिनं सगळं सांगितलं. गटात बोलली त्याच संध्याकाळी कांड्या भरता भरता तिनं सासूला दुपट्यांबद्दल विचारलं होतं. इथं एकदा बोलल्यावर तिथंही तोंड उघडलं. भांडणात, गटातही सांगितलंय, असं तिच्याकडून निघून गेलं. गटात म्हणजे गावभर, असं धरून सासू इथवर आली. नंतर घरात दोघी त्या बाळासाठी पहिल्यांदा रडल्या.

नव्या बाईचा मोबाइल वाजला. ती दाराबाहेर जाऊन चटकन बोलली आणि परत येऊन बसली.

"पहिल्या घंटीत नाही उचलला तं माहा नवरा इथं येते," ती म्हणाली. "कुठं हाय, कोणासंगं हाय, दिवसभर इचारत राह्यते. घरी त्याचा शक, म्हणून इथं आली. तं इथंबी तेच."

मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.

पुढं ती धान कापणीपर्यंत येत राहिली. हळूहळू बोलायलाही लागली, पण सुनेकडे बघून, बाकीच्या बायकांकडे बघून. मी काही विचारलं की आधी माझा चेहरा नीट निरखायची, मग मोजकंच उत्तर द्यायची.